तेरा मिलिमीटर

रिओनीच्या पुलाखाली माझं दुकान.
दुकान म्हणजे पत्र्याचं खोकं, एक जॅक, एक कॉम्प्रेसर
आणि जर्मनीत थकून कुताइसीला आलेले टायर,
पुरुषभर उंचीच्या थप्प्यांत.

उशांगी आला तेव्हा मी अक्रोड फोडत होते.
मागून त्याचा बाचाना, वय एकोणीस,
हनुवटीवर चार केस, हातात फोन,
फोनमध्ये गाडी, गाडीमागे धूर.

"मागे रुंद हवेत," पोरगा म्हणाला,
"दोनशे पंचवीस, पन्नास, सोळाची रिम.
पुढचे राहू देत आहेत तसे.
जोर मागून येतो, तर पकडही मागेच हवी ना?"
"चारही सारखे," बाप म्हणाला.
"आणि स्वस्त."

पांढरी मर्सिडीज, पोरापेक्षा बारा वर्षांनी मोठी,
आमचं बोलणं ऐकत उन्हात उभी.

मी भिंतीवर खडूनं मांडलं.
एकशे पंच्याण्णव ही रुंदी, मिलिमीटरमध्ये.
पासष्ट म्हणजे रुंदीच्या शंभरातले पासष्ट,
ती टायरच्या गालाची उंची.
पंधरा ही रिम, पण इंचांत.
(एका ओळीत दोन मापं कशी, मला विचारू नका.
माझी सासू दूध लिटरनं मोजायची आणि वाइन नजरेनं.)
वरचा गाल, खालचा गाल, मधली रिम:
सहाशे चौतीस.
पोराचंही मांडलं: सहाशे एकतीस.

"बघा, तीनचाच फरक," तो म्हणाला.
हिशेब बरोबर होता. पोरगा हुशार आहे.

"डिकीत काय नेता?"
"सप्टेंबरात द्राक्षं," उशांगी म्हणाला, "नंतर वाइन.
दोनशे लिटर. आणि मागच्या सीटवर मेहुणे."

मी मागच्या मडगार्डखाली हात घातला.
गाडी रिकामी, तरी जेमतेम दोन बोटं जागा.
वाइन चढली की एक.
मेहुणे बसले की तेही नाही.
रुंद टायर घातलास, तर ओनीपर्यंतच्या प्रत्येक खड्ड्यात
पत्रा त्याची साल काढेल.
आणि जानेवारीत बर्फावर
अरुंद टायर चावतो, रुंद तरंगतो.
पुढची दोन चाकं वाट विचारतात, बाळा,
मागची दोन संसार ढकलतात.

तो फोन खिशात घालत होता.
माझा हात अजून तिथेच होता,
म्हणून लागलं बोटांना.
टॉर्च आणला. डावीकडे वाचलं, उजवीकडे वाचलं,
पुन्हा डावीकडे.
डावा एकशे पंच्याण्णव.
उजवा दोनशे पाच, पासष्ट, पंधरा.
सहाशे सत्तेचाळीस.

मी उशांगीकडे पाहिलं. उशांगीनं नदीकडे.

"अंब्रोलाउरीत पंक्चर झालं. रात्रीचे अकरा.
स्टेपनीही बसलेली. त्याच्याकडे हा एकच होता.
तात्पुरता घातला."
"कधी?"
"निवडणुकीच्या आधी."
"कुठल्या?"
तो बोटं मोजू लागला, मग मोजायचा थांबला.

मागून येणारी ती घूं घूं.
दोनदा तेल बदललं म्हणे डिफरन्शियलचं,
आणि तीन वर्षं पोराला बोलणी, की तू दामटतोस, तू बिघडवलीस.
अरे, मधलं ते यंत्र वळणांसाठी असतं.
बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी,
तेवढ्यापुरता त्यानं निवाडा करायचा.
तुम्ही त्याला सरळ रस्त्यावरही
रात्रंदिवस भांडण सोडवायला बसवलंत.

मला वाटलं, आता पोरगा बोलेल.
बोलला नाही.
खाली बसला आणि उजव्या चाकाचे नट सैल करू लागला,
पाना नीट धरून, गाडी जॅकवर चढायच्या आधी.
हे त्याला कुणी शिकवलं, ते दिसत होतं.

चार घेतले. एकशे पंच्याण्णव, पासष्ट, पंधरा,
एकाच कारखान्याचे, एकाच आठवड्याचे.
उशांगीनं घासाघीस केली नाही,
तेव्हा मीच दहा लारी कमी घेतले.

तो दोनशे पाच राहिला माझ्याकडे.
अजून चार मिलिमीटर नक्षी आहे, फेकवत नाही.
दाराशी उभा करून ठेवलाय.
अंधार पडला की एखादा येतोच,
घामाघूम, विचारत, एकच मिळेल का,
आजच्या रात्रीपुरता.